नानी म्हणजे कोण

रविवार, १ फेब्रुवारी १९९८, मलकपेठ, हैदराबाद

विहीणबाई आल्या. आमच्या सुप्रियाची आई, रंजनाबाई. पुण्याहून दोन बॅगा, एक करंडी आणि भरपूर सल्ले घेऊन आल्या. हे त्यांना आणायला नामपल्ली स्टेशनवर गेले होते, ते येताना रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसून आले, कारण मागं करंडीला जागा हवी होती. माझ्यासाठी ह्यांनी एवढं कधी केल्याचं आठवत नाही.

निमित्त झालं आमच्या नातवाच्या, अनूच्या चुसनीचं. गेल्या महिन्यात हिमायतनगरच्या दातांच्या डॉक्टरनं त्याचे पुढचे दात बघितले आणि सांगितलं की चुसनी सुटली पाहिजे, नाहीतर दात पुढं येतील. पोर अजून दोन वर्षांचंही नाही. सुप्रियानं त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावला. दिवसभर अनूला सांभाळते मी, न्हाऊमाखू घालते मी, भरवते मी, आणि सवय सोडवायला माणूस पुण्याहून मागवायचा! मला एका शब्दानं विचारलं नाही. आमचा लेक सौरभ तिकडं न्यू जर्सीला कॉम्प्युटरपुढं बसलेला, त्याला विचारून उपयोग नाही.

चुसनी आणली मीच होती. सुप्रियाची रजा संपली, ती ऑफिसला जायला लागली, आणि अनू बाटली तोंडात धरेना. घसा सुकेपर्यंत रडायचा. मग मी सुलतान बाजारातून ही निळी चुसनी आणली आणि घरात शांतता झाली. तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

चहा घेताना विषय निघाला. मी चुसनी म्हटलं, तर रंजनाबाई हसून म्हणाल्या, "अय्या, चुसनी काय म्हणता! चोखणी."

मी या शहरातल्या मराठी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंय. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज वकील आहेत. मी म्हटलं, "आमच्याकडं चुसनीच म्हणतात."

"हो, इथं उर्दूचा प्रभाव असणारच ना," असं म्हणून त्यांनी मला माफ करून टाकलं. माझा चहा कडू झाला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

घरात कायदा लागू झाला आहे. चुसनी एका डब्यात, डबा फ्रिजवर. फक्त झोपताना मिळणार, तीही डोळा लागला की हळूच काढून घ्यायची. मी म्हटलं, इतका खटाटोप कशाला, कारल्याचा रस लावा, दोन दिवसांत थुंकून टाकील. रंजनाबाईंनी तोंड वाकडं केलं, पण मी ऐकते थोडीच. किसलं कारलं, पिळलं, चुसनी बुडवून दिली.

अनूनं असा चेहरा केला की मला वाटलं जिंकले. मग त्यानं एक डोळा मिटला, विचार केला आणि चोखत बसला. संध्याकाळी पानात कारल्याची भाजी होती, तर तोंड उघडून "आ" करून मागायला लागला.

रात्री सुप्रिया आल्यावर रंजनाबाईंनी तिला हे हावभावांसकट सांगितलं. दोघी मायलेकी पोट धरून हसल्या. मीही हसले, न हसून सांगते कुणाला.

आणखी एक. सुप्रिया मला आई म्हणते. कालपर्यंत या घरात आई म्हटलं की मी एकटीच होते. आता तिनं हाक मारली की आम्ही दोघीही वर बघतो. आज ती म्हणाली, "अहो आई, तुम्ही नाही, आई." तो 'अहो' इतकी वर्षं मला मानाचा वाटत होता.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहिलंच पाहिजे. दिवसभर मनातल्या मनात हसते आहे.

खाली आमच्या शारदम्मा राहतात, भाडेकरू. तेलुगू. त्यांच्यात लहान मुलाला लाडानं नानी म्हणतात, आपण बाळ्या किंवा सोन्या म्हणतो तसं. जिन्यावर अनू दिसला की "ऐ नानी, इटु रा!" म्हणून हाक मारतात, आणि हा पायऱ्यांवर बुड टेकत टेकत खाली जातो. तर संक्रांतीपासून हा स्वतःलाच नानी म्हणायला लागला आहे. पोटावर थापटी मारतो आणि म्हणतो, "नानी!" 'नानी दुदू' म्हणजे मला दूध द्या. आईपुढं म्हणत नाही. ती सकाळी अंधारात जाते, रात्री येते, तेव्हा हा एकतर पेंगत असतो नाहीतर तिच्या गळ्यात पडलेला. हा सगळा त्याचा दुपारचा कारभार, तो मला ठाऊक आणि ह्यांना ठाऊक.

आज दुपारी तो फ्रिजखाली उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि टाहो फोडला, "नानी! नानी!" म्हणजे माझी चुसनी मला द्या. रंजनाबाई न्हाणीघरात. हे पेपर वाचत बसलेले. मी तांदूळ निवडत होते. मनात म्हटलं, रड रे राजा, जरा मोठ्यानं रड. ऐकू दे पुण्याला.

तेवढ्यात ओल्या केसांनी रंजनाबाई धावत आल्या. "अगं बाई! मला नानी म्हणतोय! हिंदीतलं नानी! कुणी शिकवलं हो याला?" त्याला उचलून घेतलं, छातीशी धरलं आणि चक्क डोळ्यांना पदर लावला. अनू इतका चकित झाला की रडायचाच थांबला. त्यांच्या केसांतून पाणी टपकत होतं, ते बोटानं पकडत बसला.

हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. राहू दे. मला मराठी शिकवायला निघाल्या होत्या! आता जाऊ देत पुण्याला आणि सांगू देत सगळ्या भिशीत की नातू मला नानी म्हणतो. कधीतरी चारचौघांत मी अर्थ सांगीनच. इतकी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

सोमवार, ९ फेब्रुवारी

मजा उतरली.

अनू "नानी" म्हणून ओरडला रे ओरडला की त्या असतील तिथून "आले, आले, नानी आली!" करत धावतात. हातात पोळीचं पीठ असो की जपमाळ. फ्रिजपाशी बसून त्याला मांडीवर घेतात, खिडकीतून रेसकोर्सच्या बाजूला सरावाला जाणारे घोडे दाखवतात. रडणं आता निम्म्यावर आलंय. आज दुपारी तो चुसनीशिवाय झोपला. त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता. मी दारातून बघितलं आणि माझ्या पोटात दुखलं, उगाच कशाला खोटं लिहू.

माझ्याजवळ झोपताना तो चुसनी चोखत छताकडं बघायचा. त्यांच्याकडं तोंड करून झोपतो.

मग मला वाटलं, तो मला काय म्हणतो? आठवून आठवून बघितलं. शारदम्माला 'अम्मा' म्हणतो, ह्यांना 'आबा', दूधवाल्यालाही काहीतरी म्हणतो. मला काहीच म्हणत नाही. नुसता येऊन साडी ओढतो. कुठल्या घरात असा अन्याय असेल!

ह्यांना बोलून दाखवलं, तर हे त्यांच्या हैदराबादी मराठीत म्हणतात, "तू कायम समोरच असतीस, तर तो कायकू पुकारील? आणि ते नानीचं सांगून टाक बरं त्यांना. कायकू उगं जळत बसती?"

म्हटलं, मी कुठं जळते?

"अच्छा, नक्को सांगू," म्हणून पेपरात डोकं घातलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

नुमाइश, म्हणजे इथलं दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, उद्या संपणार म्हणून आज सगळे नामपल्लीला गेलो. सुप्रियानं अर्धा दिवस सुट्टी घेतली, तिथंच मला शंका यायला हवी होती. गर्दी मी म्हणत होती. अनू ह्यांच्या खांद्यावर, हातात भिरभिरं, तोंड मोकळं. चुसनी घरीच राहिली होती आणि त्याला तिची आठवणही आली नाही. रंजनाबाईंनी ते मला दोनदा दाखवून दिलं.

मिरची भज्यांच्या स्टॉलवर सुप्रिया म्हणाली, "अहो आई, मला बोलायचं होतं." कंपनी तिला अमेरिकेला पाठवते आहे. सहा महिन्यांसाठी. सन दोन हजार लागलं की कॉम्प्युटर तारखा विसरणार म्हणे, ते दुरुस्त करायला इथल्या पोरांना विमानानं नेतायत. सौरभ तिथं आहेच, दोघं एकत्र राहतील. पण दोघंही नोकरीवर, अनूला तिथं कोण बघणार?

मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? मी आहे ना."

ती भज्याचा तुकडा मोडत बसली. मग म्हणाली, "मी म्हणत होते, आईकडं ठेवावं. पुण्याला. तुमचे गुडघे दुखतात, जिना आहे. आणि आईनं त्याची चोखणी जवळजवळ सोडवली. तिच्याजवळ झोपतो, तिला नानी म्हणून हाका मारतो. त्याला तिचा लळा लागलाय हो."

माझे गुडघे! याच गुडघ्यांनी वर्षभर त्याला कडेवर घेऊन जिना चढले उतरले, तेव्हा कुणाला दिसले नाहीत.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तो त्यांना नानी म्हणत नाही, स्वतःला म्हणतो, एवढंच वाक्य. पण तिथं सांगितलं असतं तर कसं दिसलं असतं? म्हातारी जळते, असंच दिसलं असतं. मी फक्त "हं" म्हटलं आणि अख्खी मिरची खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, त्याला कारण मिळालं. हे माझ्याकडं बघत होते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रंजनाबाई शारदम्माला घेऊन सुलतान बाजारात गेल्या, झबल्यांसाठी कापड आणायला. दोघींची चांगली गट्टी जमलीय. कोणत्या भाषेत बोलतात देव जाणे.

मी दार लावलं, स्टूल घेतलं आणि फ्रिजवरचा डबा काढला. लिहिताना लाज वाटते, पण काढला. चार दिवस झाले, त्याला झोपतानाही चुसनी लागलेली नाही. एकदा परत सवय लागली तर रंजनाबाईंची सगळी किमया पाण्यात जाईल, मग सुप्रिया म्हणेल, राहू दे बाई याला अहो आईंकडंच. हा माझा विचार होता.

चुसनी धुतली, अनूला जवळ घेतलं आणि दिली. त्यानं तोंडात घेतली, दोनदा चोखली, मग बाहेर काढली. उलटसुलट करून नीट बघितली. आणि माझ्या तोंडात घातली.

मी काढणार, तर त्यानं हातानं दाबून धरली आणि खदखदून हसला. इतका हसला की मला काढवेना. नेमके हे तेव्हाच आतून आले. साठी उलटलेली बाई, निवृत्त शिक्षिका, खाली फरशीवर बसून निळी चुसनी चोखते आहे.

"इंदू," हे म्हणाले, "आता तुझी कोण सोडवणार?"

मी तोंडातलं रबर काढून फेकलं. चव वाईट नव्हती, काहीच चव नव्हती. अनूनं ती फेकलेली चुसनी पाहिलीसुद्धा नाही. रंजनाबाईंनी खरोखरच सोडवली होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज सांगून टाकलं.

तिकिटं आली आहेत. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं रंजनाबाई आणि अनू पुण्याला, त्यानंतरच्या आठवड्यात सुप्रिया मुंबईहून विमानानं. आज सगळे घरात होते, जेवणं झाली होती, शारदम्माही खीर घेऊन वर आल्या होत्या. मी ठरवलंच होतं. बोलून वाईट दिसण्यापेक्षा अनूलाच सांगू दे. तो पोटावर थापटी मारील, सगळ्यांना दिसेल, मला तोंड उघडायची गरजही पडणार नाही.

मी त्याला मधोमध उभं केलं आणि विचारलं, "अनू, नानी कुठाय रे? दाखव बरं नानी!"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग दुडूदुडू पळत गेला आणि रंजनाबाईंच्या गुडघ्यावर थापटी मारली. "नानी!"

सुप्रियानं टाळ्या वाजवल्या. मी परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला असावा, कारण तो बिचकून त्यांच्या पदराआड गेला.

मग माझा तोल गेला. मी भरभर बोलत सुटले. की हा शब्द तेलुगू आहे, त्याचा अर्थ बाळ, शारदम्मांनी शिकवला, तो स्वतःला नानी म्हणत होता, तुम्हाला नाही, त्या दिवशी फ्रिजखाली तो स्वतःसाठी चुसनी मागत होता, कुणाला हाक मारतच नव्हता. हवं तर ह्यांना विचारा.

ह्यांनी मान खाली घातली. सुप्रिया माझ्याकडं बघत राहिली. "अहो आई, म्हणजे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

बोलल्या त्या रंजनाबाई. एकदम साध्या आवाजात.

"मलाही कळलंय. शारदम्मांनी बाजारात सांगितलं मंगळवारी. पण तोवर तो मलाच म्हणायला लागला होता, मग त्याला काय सांगायचं, ती मी नव्हेच म्हणून?" त्यांनी अनूच्या डोक्यावरून हात फिरवला. "इंदुमतीताई, तुम्हाला अर्थ माहीत होता, म्हणून तुम्ही बसून राहिलात. मला माहीत नव्हता. मला वाटलं पोर हाक मारतंय, म्हणून मी धावले."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी शोधला. शारदम्मा खिरीचं भांडं तिथंच ठेवून खाली निघून गेल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ असलेला ओटा पुसत उभी राहिले.

मला अजूनही त्या बाईचा राग येतो. त्यांचं बोलणं खरं होतं म्हणून जास्त येतो.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

अनूची बॅग भरली. रंजनाबाई म्हणाल्या, तुम्हीच भरा, तुम्हाला ठाऊक आहे त्याला काय लागतं. मी भरली. भातात वरण कसं कालवायचं, अंघोळीनंतर कान कसे पुसायचे, सगळं सांगितलं. काही गोष्टी आधी मुद्दाम गाळल्या होत्या, मग संध्याकाळी परत जाऊन त्याही सांगितल्या. त्या सगळं नीट ऐकत होत्या. एकदाही माझा शब्द दुरुस्त केला नाही.

झोपताना वाटलं, दुरुस्त केला असता तर बरं झालं असतं. भांडायला काहीतरी राहिलं असतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

नामपल्लीहून परत आलो. हे न जेवताच झोपले.

गाडी वेळेवर लागली. रंजनाबाईंना खिडकी मिळाली, अनूला मांडीवर घेऊन बसल्या. तो खूश होता, गजांना धरून उड्या मारत होता. सुप्रिया डब्यात सामान लावून खाली उतरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मी खिडकीपाशी होते. म्हटलं, पाणी उकळलेलंच द्या. त्या म्हणाल्या, हो. मग म्हणाल्या, "मे महिन्यात या तुम्ही दोघं. खरंच या." मी बघू म्हटलं. जायची माझी इच्छा नव्हती, तिथं जाऊन त्यांचं घर, त्यांचा पाळणा आणि त्यांच्या मांडीवर माझा नातू बघायचा?

शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा अनूच्या लक्षात आलं की आपण चाललोय आणि आम्ही उभे आहोत. त्याचा चेहरा बदलला. त्यानं गजांतून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्या फ्रिजखालच्या आवाजात ओरडला, "नानी! नानी!"

रंजनाबाईंनी त्याला घट्ट धरलेलं होतं. तो त्यांच्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. नानीला खाली घ्या म्हणत होता, की नानीला सोडून जाऊ नका म्हणत होता, की आणखी काही, मला कळलं नाही. तीस वर्षं मी शब्दांचे अर्थ सांगितले, हा सांगता येत नाही.

मी "ओ" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "ओ, आले, आले," म्हणत गाडीबरोबर चालायला लागले, मग पळायला. गुडघ्यांचं काही आठवलं नाही. मागून हे ओरडत होते, इंदू, थांब, पडशील. फलाट संपेपर्यंत मी ओ देत होते.